बारवर पाय चाललेत, पण मान, खांदे, डोळे कुठे आहेत?

बॅलेच्या बारवर, म्हणजे हात टेकवायच्या आडव्या दांड्याशी, सराव करतानाचा तुमचा एखादा व्हिडिओ असेल ना, तो उघडा आणि स्क्रीनचा खालचा अर्धा भाग तळहाताने झाका. आता नुसतं कमरेच्या वरचं बघा. तांद्यू (पाय जमिनीवरून सरकवत लांब ताणणं) चाललंय की फाँद्यू (उभा गुडघा वाकवून परत सरळ होणं) चाललंय, कळतंय का? बहुतेकांच्या व्हिडिओत नाहीच कळत. एक हात बाजूला धरून ठेवलेला, मान ताठ, नजर आरशात नाहीतर स्वतःच्या अंगठ्यावर, आणि आठ काउंट संपले की आठवल्यावर एकदम दचकून डोकं वळतं.

यात तुमचा दोष कमी आहे. क्लासमध्ये सगळ्यात जास्त करेक्शन पायांनाच मिळतं, टर्नआउट (पाय हिपपासून बाहेर वळवणं), गुडघा, टाच, आणि मिस जाता जाता ‘अँड हेड!’ म्हणून पुढे जातात. मग आपणही ठरवून टाकतो की आधी पाय बसू देत, डोक्याचं नंतर बघू. माझ्या मते हे अगदी उलटं आहे. पाय सोपे असतात तेव्हाच डोकं बसवायचं असतं, म्हणजे प्लिए (गुडघे वाकवणं) आणि तांद्यूमध्येच, कारण ग्राँ बातमाँपर्यंत, म्हणजे पाय उंच फेकण्यापर्यंत, पोचलात की पाय एवढा जीव खातो की मानेकडे लक्ष द्यायला कुणाकडे शिल्लकच काही नसतं. आणि सेंटरला, म्हणजे हॉलच्या मध्ये, गेल्यावर बार नसतो, बॅलन्स सांभाळायचा असतो, तिथे नव्याने डोकं शिकणं म्हणजे डबल काम.

खाली जे लिहिलंय ते ज्यांना बेसिक बार येतो त्यांच्यासाठी आहे, म्हणजे एक्सरसाइजची नावं माहिती आहेत, क्रम माहिती आहे, पण वरचं अंग पायांबरोबर येत नाही. सगळीकडे डावा हात बारवर आणि उजवा पाय काम करतोय असं धरून लिहिलंय, दुसऱ्या बाजूला उलटं करून घ्या.

आधी मान कशी चालते ते

डोकं साधारण साडेचार-पाच किलोचं असतं. ते सात मणक्यांवर उभं आहे आणि त्यातले अगदी वरचे दोन, कवटीच्या लगेच खालचे, मान वळवण्याचं जवळपास निम्मं काम एकटे करतात. म्हणजे मान खरं तर कानांच्या पातळीवर, आतून, खूप वरून वळायला सुरू होते. आपण मात्र ती गळ्याच्या खालून ओढतो, म्हणून हनुवटी पुढे येते आणि गळ्याच्या शिरा दिसायला लागतात.

हे कळायला खुर्चीवर बसा. पाठ टेकवू नका. हनुवटी ना वर ना खाली, कवटीचा मागचा भाग किंचित वर उचलला जातोय एवढंच बघा. आता फक्त नाक उजवीकडे न्या, हळू, खांदे अजिबात हलू न देता, जिथे ओढ लागायला सुरुवात होईल तिथे थांबा. परत मध्ये. मग डावीकडे. मग कान खांद्याकडे झुकवा, नाक समोरच ठेवून. मग हनुवटी जराशी वर, मग जराशी खाली. बस, बॅलेमध्ये डोक्याला करायचं ते एवढंच. एन्रिको चेकेटी (1850–1928) या इटालियन शिक्षकाच्या पद्धतीत डोक्याच्या पाच पोझिशन सांगतात त्या ह्याच: सरळ, कललेलं, वळलेलं, उचललेलं, खाली घेतलेलं. स्टेजवर जे एवढं सुंदर दिसतं ते याच पाचांतल्या दोघांचं मिश्रण असतं, बहुतेक वेळा वळणं अधिक थोडंसं कलणं. आणि गोंधळ तिथेच होतो, कारण वळायला सांगितलं की आपण कलतो आणि कलायला सांगितलं की वळतो. आठवडाभर हे खुर्चीवरचं रोज दोन मिनिटं करा, आणि दोन्ही वेगवेगळं करता आलं की मगच एकत्र करा: आधी वळा, वळलेल्या जागीच मग थोडं कला.

ज्यांना स्पॉन्डिलायटिस आहे किंवा मान मागे टाकली की चक्कर येते, त्यांनी मान मागे टाकायचं सगळं सोडून द्या, वळणं पण छोटंच ठेवा आणि डॉक्टरला विचारा. अडल्ट क्लासमध्ये अशी निदान एकतरी व्यक्ती असतेच, आणि ती सांगायला लाजते.

आता एपोलमाँ. खांद्यांचं काम. ‘खांदे फिरवा’ असं ऐकलं की लोक नुसते खांदेच फिरवतात, म्हणजे एक खांदा हाडासकट पुढे ढकलतात. फिरायला पाहिजे ती छाती, म्हणजे बरगड्यांचा अख्खा पिंजरा, पाठीच्या कण्याभोवती. आणि हे कमरेतून होत नाही बरं का, कमरेच्या मणक्यांना फिरायला जागाच फार कमी असते, फिरतो तो त्याच्या वरचा भाग, जिथे बरगड्या जोडलेल्या आहेत. म्हणून ‘कमरेतून वळा’ असं स्वतःला सांगितलंत की हिप्स वाकडे होणार हे नक्की. त्याऐवजी ब्राच्या पट्ट्याच्या पातळीवरून वळतोय असं धरा, पुरुषांनी खांद्याच्या पात्यांच्या खालच्या टोकापासून. भिंतीसमोर उभे राहून दोन्ही हिपबोन हाताने धरा, ते समोरच राहू देत, आणि वरचा पिंजरा अगदी थोडा उजवीकडे, थोडा डावीकडे. हे इतकं छोटं असतं की पहिल्यांदा वाटतं काही झालंच नाही. व्हिडिओत बघा, झालेलं असतं.

बारवरचा हात

वरच्या अंगाचं निम्मं दुखणं बारवरच्या हातात असतं. लोकलमध्ये दाराजवळचा दांडा धरतो तसा बार धरू नका. हात बारवर ठेवलेला असतो, पकडलेला नसतो. खांद्याच्या सरळ रेषेत नाही तर थोडा पुढे, कोपर सैल आणि खाली, अंगठा बाकीच्या बोटांबरोबर वरच राहिला तर उत्तम कारण मग मूठ वळताच येत नाही. हात मागे राहिला तर डावा खांदा मागे ओढला जातो, अख्खी छाती बारकडे उघडते आणि मग डोकं उजवीकडे वळवायला दुप्पट जोर लागतो. लोकांना वाटतं मान कडक आहे. मान नाही, हात चुकीच्या जागी आहे.

एक टेस्ट: कुठल्याही एक्सरसाइजमध्ये दर आठव्या काउंटला बारवरची बोटं एक सेंटिमीटर वर उचला. उचलताना अंग हललं तर तुम्ही लटकलेले होता.

घरी सराव करणारे खिडकीचं ग्रिल धरतात, किचनचा ओटा धरतात, प्लॅस्टिकची खुर्ची धरतात. खुर्ची सोडून द्या, ती उलटते. ओटा चालतो पण उंच माणसाला खाली पडतो, मग डावा खांदा खाली झुकतो. ग्रिलच्या उभ्या गजांना मूठच वळली जाते, त्यामुळे ग्रिल असेल तर आडवी पट्टी शोधा. साधारण कमरेच्या वर, कोपर वाकून हात आरामात टेकेल अशी उंची पाहिजे, एवढंच.

आणि ‘शोल्डर्स डाउन’ बद्दल थोडं. ही सूचना बरोबर आहे पण आपण ती फारच मनावर घेतो. खांदे जोर लावून खाली दाबले की काखेखालचे मोठे स्नायू आवळतात, बरगड्या बंद होतात, श्वास वरच्या वर चालतो आणि मान खुंटते. शिवाय हात डोक्यावर नेताना खांद्याच्या पात्याला नैसर्गिकपणे वर-बाहेर फिरावंच लागतं, ते दाबून धरलं तर हात नीट वर जाणारच नाही, खांद्यात मात्र टोचेल. खाली दाबण्यापेक्षा रुंद करा. कॉलरबोन दोन्ही बाजूंना लांब, पाती पाठीवर पसरलेली, एकमेकांना चिकटलेली नाहीत. मग कान आणि खांद्यात आपोआप अंतर पडतं.

सुरुवातीचे चार काउंट

आता सगळ्यात महत्त्वाचं, आणि सगळ्यात जास्त लोक ज्याच्यावर पाणी सोडतात ते. प्रिपरेशन. म्युझिक सुरू होतं, एक्सरसाइजच्या आधीचे चार काउंट असतात, आणि बहुतेक जण त्यात केस सारखे करतात नाहीतर शेजारणीला ‘पहिलं काय आहे गं?’ विचारतात. पण सगळं कोऑर्डिनेशन ह्या चार काउंटमध्येच आहे, श्वास, डोळे, डोकं, हात, सगळं, आणि पाय चक्क उभे आहेत, म्हणजे शिकायला याच्याइतकी फुकटची जागा दुसरी नाही.

असं करा. उजवा हात खाली, मांडीच्या थोडा पुढे, कोपर गोल. पहिल्या काउंटच्या आधी श्वास आत, त्याबरोबर हात खालच्या खालीच किंचित बाहेर उघडतो आणि परत येतो, इतकाच की बोटांना हवा लागावी. एकवर हात पोटासमोर, पहिल्या पोझिशनकडे, उठायला लागतो, डोळे तळहातात, डोकं अगदी थोडं बारकडे कलतं. दोनवर हात तिथे पोचतो. तीनवर हात बाजूला उघडायला लागतो आणि डोळे बोटांबरोबर प्रवास करतात, डोकं डोळ्यांच्या मागोमाग. चारवर हात दुसऱ्या पोझिशनला, डोकं बाहेरच्या बाजूला वळलेलं, नजर बोटांच्या टोकांवरून पलीकडे, हॉलच्या दूरच्या भिंतीवर. श्वास बाहेर जातोय. आणि आता पहिला तांद्यू.

दुसऱ्या पोझिशनमध्ये हात खांद्यापेक्षा थोडा पुढे असतो, कोपर खांद्यापेक्षा जरा खाली, मनगट कोपरापेक्षा जरा खाली. कोपर लोंबलं की पाठीशी कनेक्शन तुटतं. हात पाठीतून सुरू होतोय असं वाटलं पाहिजे, आणि ते वाटत नसेल तर मैत्रिणीला तुमच्या कोपराखाली एक बोट धरायला सांगा आणि त्या बोटावर हाताचं वजन न देता तिथेच राहा. दहा सेकंदात पाठ कळते.

शेवटही तसाच. एक्सरसाइज संपली की हात टाकायचा नाही. श्वासाबरोबर तळहात खाली वळतो, बोटं लांब होतात, नजर हातावरून खाली येते, हात खाली पोचतो, मग डोकं समोर.

नजर

आपल्याकडे ज्या मुली बॅलेला येतात त्यातल्या कितीतरी जणी आधी भरतनाट्यम किंवा कथक शिकून आलेल्या असतात, आणि त्यांना एक गोष्ट फुकटात येते: यतो हस्तस्ततो दृष्टिः. जिथे हात तिथे नजर. बॅलेच्या पोर द ब्रामध्ये, म्हणजे हातांच्या हालचालीत, पण नेमकं तेच पाहिजे, त्यामुळे तुम्ही त्या बॅकग्राउंडच्या असाल तर ती सवय मुद्दाम वापरा, बॅलेत आलो म्हणून डोळे बंद करून टाकू नका. एक मात्र सोडावं लागेल, मानेचं आडवं सरकणं. अट्टमी, म्हणजे भरतनाट्यममधलं हे सरकणं, ज्यांच्या अंगात मुरली आहे त्यांची मान वळताना नकळत आधी बाजूला सरकते आणि मग वळते, बॅलेत ते तुटल्यासारखं दिसतं. उपाय म्हणजे वळताना नाक आणि छातीची मधली रेषा आधी एकमेकांच्या वर आहेत ना ते बघणं. कथकवाल्यांचं उलटं असतं, चक्करची सवय असल्यामुळे डोकं झटक्यात वळतं. तिथे वेळ घ्यायला शिकायचं.

आणि आरसा! आरशात बघत असाल तर डोकं आरशाकडेच राहणार, दुसरं काही होऊच शकत नाही. अर्धा बार आरशाकडे पाठ करून करा. भिंतीवर दोन-तीन जागा ठरवून ठेवा, पंख्याचा स्विच, दाराची वरची चौकट, खिडकीचा कोपरा, म्हणजे नजर कुठे जायचीय ते आधीच माहिती असतं. नजर हातामागे नसेल तेव्हा डोळ्यांच्या पातळीपेक्षा थोडी वर ठेवा. खाली बघितलं की चेहरा बंद होतो, आणि मागून मान पण लोंबते.

क्रम लक्षात ठेवा: आधी श्वास, मग डोळे, मग डोकं. यांच्यात फरक पापणी लवण्याइतकाच आहे पण तो आहे. डोळे मागे राहिले की डोकं रिकामं वळतं.

प्लिए

डेमी प्लिएमध्ये, म्हणजे गुडघे अर्धेच वाकतात तिथे, डोक्याला फारसं काम देऊ नका, वळलेलं ठेवा आणि श्वास बघा. ग्राँ प्लिएला, म्हणजे पूर्ण खाली जाताना, खरं काम आहे. आठ काउंटचं ग्राँ प्लिए धरा, चार खाली, चार वर. खाली जाताना हात दुसऱ्या पोझिशनमधून खाली येतो, डोळे त्याच्याबरोबर, आणि हात खाली पोचण्याचा क्षण म्हणजे तुम्ही सगळ्यात खाली असण्याचा क्षण. वर येताना टाचा जमिनीला लागतात तेव्हा हात पोटासमोर, गुडघे सरळ होतात तेव्हा हात बाजूला आणि डोकं बाहेर. नव्वद टक्के वेळा हात आधी पोचतो आणि तिथे वाट बघत उभा राहतो. हात थांबला की समजा कोऑर्डिनेशन तुटलं. हात हळू करा, पायाची घाई करू नका. आणि खाली असताना डोकं पुढे पडू देऊ नका, नजर हाताकडे जाते ती डोळ्यांनी आणि थोड्या कलण्याने, पाठ वाकवून नाही.

तांद्यू, इथे थांबायचं

बाकी काही केलं नाहीत तरी चालेल पण तांद्यूवर वेळ घाला.

समजा कॉम्बिनेशन, म्हणजे ठरवून दिलेला क्रम, साधं आहे, चार पुढे, चार बाजूला, चार मागे, चार बाजूला. पहिल्यांदा पाय हलवूच नका. पाचव्या पोझिशनमध्ये (एक पाय दुसऱ्याच्या पुढे, चिकटून) उभे राहा, म्युझिक लावा, आणि फक्त डोक्याचं कॉम्बिनेशन करा. चार काउंट बाहेर वळलेलं, चार समोर, चार बाहेर, चार समोर. हास्यास्पद वाटतं, करा तरी. मग फक्त पाय, डोकं समोर. मग दोन्ही.

दोन्ही एकत्र केल्यावर कळेल की अडचण तांद्यूत नाही, दिशा बदलताना आहे. डोकं कधी बदलायचं? पाय बंद झाल्यावर नाही, आणि पुढचा पाय निघाल्यावरही नाही. शेवटच्या तांद्यूचा पाय बंद होत असताना, ‘चार आणि’ मधल्या ‘आणि’वर. पायाची बोटं जमिनीवरून आत सरकतायत त्याच वेळात डोकं प्रवास करतं, टाच जागेवर बसते तेव्हा डोकंही पोचलेलं असतं. मोजताना ‘आणि’ तोंडाने मोठ्याने म्हणा, मनात म्हटलेलं ‘आणि’ मेंदू खाऊन टाकतो.

पाय पुढे जातो तेव्हा शरीर मागे पडतं आणि हनुवटी वर येते, ते थांबवायला छातीचं हाड पायाच्या वर आहे असं धरा. पाय मागे जातो तेव्हा दुसरंच होतं, उजवा खांदा पायाबरोबर मागे उघडतो. तिथे उजव्या बरगड्या किंचित पुढे ठेवायच्या, पाय मागे आणि छाती त्याला उत्तर देतेय, म्हणजे अंगात एक बारीक पीळ तयार होतो. हाच पीळ पुढे अराबेस्कला, म्हणजे एक पाय मागे उचललेल्या पोझला, लागणार आहे.

मागे पाय असताना डोकं नक्की कुठे, यावर प्रत्येक क्लासमध्ये वेगळं ऐकाल. सेंट पीटर्सबर्गची रशियन पद्धत, म्हणजे अग्रिपिना व्हागानोव्हा (1879–1951) यांनी बांधलेली, ज्यांचं क्लासिकल डान्सच्या पायाभूत गोष्टींवरचं पुस्तक 1934 मध्ये आलं, तिच्यात डोकं आणि हात पहिल्यापासून पायाबरोबर विणलेले असतात. कोपनहेगनचे बॅलेकार बूर्नोनव्हिल (1805–1879) यांच्या परंपरेत नजर बऱ्याचदा खाली, काम करणाऱ्या पायाकडे झुकते आणि खांद्यांचं वळण खूप जपतात. लंडनच्या 1920 मध्ये सुरू झालेल्या रॉयल अकॅडमी ऑफ डान्सच्या, म्हणजे आरएडीच्या ग्रेडच्या परीक्षा आपल्याकडेही कितीतरी जणी देतात, त्यांना सिलॅबसमध्ये डोकं कधी कुठे ते ठरवूनच दिलेलं असतं. यातलं कुठलं खरं यावर भांडण्यात अर्थ नाही. तुमचे टीचर सांगतील ते, पण एका एक्सरसाइजमध्ये एकच. अर्धं यूट्यूबवरचं आणि अर्धं क्लासमधलं असं मिसळलंत की डोकं कायम शंकेत राहतं, आणि शंकेत वळलेलं डोकं लांबून ओळखू येतं.

क्लासमध्ये वही नेत असाल तर कॉम्बिनेशन लिहिताना प्रत्येक ओळीच्या वर डोक्यासाठी एक छोटा बाण काढा. टीचर पायाने मार्क करून दाखवतात तेव्हा डोकं दाखवलं नसेल तर विचारा, ‘मिस, हेड कुठल्या काउंटला?’ नुसतं ‘हेड कुठे’ विचारू नका, कुठल्या काउंटला ते विचारा.

बाकीचे पटकन

देगाजे (तांद्यूसारखंच, पण पाय जमिनीवरून किंचित सुटतो) आणि फ्रापे (घोट्यापासून पाय झटक्यात बाहेर) फास्ट असतात, तिथे डोकं एका जागी धरा आणि दिशा बदलतानाच बदला. फ्रापेच्या अॅक्सेंटला डोकं होकार देत असेल तर झटका मांडीतून वर येतोय, पोट सैल आहे.

राँ द जांबमध्ये पाय गोल फिरतो आणि वरचं अंग त्याच्याबरोबर गोल डुलायला लागतं. हात दुसऱ्या पोझिशनमध्ये, बोटांच्या टोकावर लक्ष, ती टोकं हवेत स्थिर राहिली पाहिजेत. शेवटी काँब्रे असतं, म्हणजे वरचं अंग पुढे-मागे वाकवणं. पुढे वाकताना हिपमधून, डोकं कण्याच्या रेषेत, आणि परत येताना मणका मणका उलगडत येणार असाल तर डोकं सगळ्यात शेवटी. मागे जाताना हात वर, नजर आधी हाताकडे, डोकं बाहेरच्या बाजूला थोडं वळलेलं, छातीचं हाड छताकडे आणि मग मागे. मान मोडून डोकं टाकायचं नाही, वाकते ती पाठ वरून. वर येताना छाती आधी, डोकं नंतर.

फाँद्यू हा माझा लाडका, कारण इथे सगळं एकाच वेळी वितळतं आणि एकाच वेळी उगवतं. उभा गुडघा वाकतो, काम करणारा पाय घोट्याशी येतो, हात पोटासमोर येतो, डोकं हाताकडे कलतं. मग दोन्ही गुडघे बरोबर सरळ, हात उघडतो, डोकं बाहेर. एकाही गोष्टीने आधी पोचायचं नाही. संथ तीनच्या लयीत करा. कथकवाल्यांनी मनात दादरा धरला तरी चालतो, सहा मात्रा, तीन खाली तीन वर, आणि सहावी मात्रा संपेपर्यंत काहीही थांबलेलं नको. लोक चौथ्या मात्रेला पोचतात आणि दोन मात्रा पुतळा होतात.

देव्हलपेमध्ये, म्हणजे दुमडलेला पाय हळूहळू हवेत उलगडताना, पाय वर गेला की गळा आवळतो, अगदी सगळ्यांचा. पाय हवेत असताना मोठ्याने एक वाक्य बोला, ‘आज भाजीला काय आणायचं’ काहीही. आवाज नेहमीसारखा आला तर मान मोकळी आहे. घुसमटलेला आला तर पाय दहा सेंटिमीटर खाली घ्या, आवाज सुटेल त्या उंचीवर काम करा. बाजूचा देव्हलपे एकार्तेमध्ये असेल, म्हणजे अंग तिरकं, तर पुढच्या एकार्तेला डोकं वर केलेल्या हाताकडे वळून थोडं उचललेलं, आणि हे उचलणं हनुवटीने नाही तर गालाच्या हाडाने करा. ग्राँ बातमाँला पाय वर जाताना डोकं मागे फेकलं जातं, तेवढं धरा, बाकी काही नवीन नाही.

घरचा सराव

रोज अख्खा बार करायची गरज नाही. प्रिपरेशन दोन्ही बाजूंनी चारदा, तांद्यूचं वर सांगितलेलं तीन टप्प्यांचं, आणि एक फाँद्यू, पंधरा-वीस मिनिटांत होतं. सुरुवातीला टर्नआउट मुद्दाम अर्धाच घ्या, किंवा पाय सरळच ठेवा, म्हणजे हिप्स ओढाओढ करत नाहीत आणि वरचं अंग मोकळं राहतं. मग हळूहळू टर्नआउट वाढवा आणि बघा, कुठल्या क्षणी मान परत कडक होते. तो क्षण सापडला की तुमचं काम सापडलं, त्याच्या जरा अलीकडे राहून सराव करा.

व्हिडिओ आठवड्यातून एकदा, रोज नको, रोज बघितलं की चेहऱ्याचीच काळजी वाटायला लागते. कॅमेरा समोरून नाही, बाहेरच्या बाजूने तिरका ठेवा, म्हणजे वळलेला चेहरा त्याच्याकडे येतो. खालचा अर्धा झाकून बघा आणि एकच गोष्ट शोधा, डोकं पायाच्या आधी पोचतंय, बरोबर पोचतंय की नंतर. सुंदर दिसतंय का ते नंतर कधीतरी.

बाजू बदलताना बारकडे वळून फिरायचं असेल तर तिथेही डोकं वापरा, नजर शक्य तितका वेळ जुन्या जागी आणि मग पटकन नव्या. पिरुएटचं (एका पायावरच्या गिरकीचं) स्पॉटिंग इथूनच सुरू होतं, आणि रोज बारवर दहा-बारा वेळा ते फुकटात मिळतं.

दुसरी बाजू नेहमी वाईट होते. मान एका बाजूला जास्त वळते, मोबाईल एकाच हातात असतो, झोपायची बाजू ठरलेली असते, शिवाय क्लासमध्ये पहिली बाजू टीचरबरोबर होते आणि दुसरी आपल्या भरवशावर. घरी करताना उजवा हात बारवर ठेवून सुरुवात करा आणि ज्या बाजूला मान कमी वळते तिथे एक जादा प्रिपरेशन घ्या.